शिडाच्या बोटीची टाकी

"निवृत्तीनं घाई केली, म्हणून टाकी फुटली." दौंडमधल्या प्रत्येक वर्कशॉपात ही हकिगत अशीच सांगतात. मला ती मान्य नाही. का मान्य नाही, हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही.

निवृत्ती खुटबावचा. वेल्डिंग माझ्या हाताखाली शिकला आणि माझ्याहून चांगले करू लागला. हे एवढे वाक्य लिहायला मला किती वर्षे लागली, सांगू?

धरणामागच्या भीमेच्या फुगवट्यात पुण्याच्या एका साहेबांची शिडाची बोट असे. वारा पडला तर उपयोगी म्हणून तिला लहानसे इंजिन होते, आणि त्याला पत्र्याची जुनाट पेट्रोलची टाकी. ती गळू लागली. साहेबांनी ती निवृत्तीकडे नेली — माझ्या दारावरून!

रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते. ठिणगी पडली की स्फोट. म्हणून आधी टाकी पाण्याने भरायची. आमच्याकडे रीत अशी, की पाणी वडीलधाऱ्याने भरायचे आणि वेल्डरने फक्त विचारायचे. झाकण उघडून पाहणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास. निवृत्ती मला बोलवायला आला.

"आप्पा, पाण्याचा मान तुमचा. तुमच्याबिगर मी टाकीला हात लावत न्हाई."

मान! काम त्याचे, नाव त्याचे, आणि माझ्या हाती पाण्याची नळी. दूर खुर्ची टाकून बसलेले साहेब म्हणाले, "याच्या हाताला तोड नाही बरं का, आप्पा." मी हसलो. अशा वेळी हसता येते माणसाला — तुम्हाला नाही येत?

टाकी लोखंडी घोडीवर ठेवलेली. निवृत्तीने वेल्डिंगची काच उचलली.

"भरलं का, आप्पा?"

"भरलं. लाव."

त्याचा उजवा डोळा गेला. आता तो कारेगावात एका कंपनीच्या गेटवर बसतो. वेल्डिंगचे काम त्याला कोणी देत नाही. घाई केलीस म्हणतात, आणि तो ऐकून घेतो. मला फक्त भडका हवा होता, साहेबांसमोर थोडी फजिती — नाही. ही सबब झाली. मागे घेतो.

घाई कोणीही केली नव्हती. त्या टाकीत मी पाण्याचा एक थेंबही सोडला नव्हता.