सावलीतली मेथी

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात चार संगणक आहेत. त्यांवर शोधनिबंधांचा डेटाबेस कसा चाळायचा, ते मुलांना मीच शिकवते. काल गृहविज्ञानाची प्रियांका तिथे बसली होती. आई उन्हात वाळवते त्या मेथीत सगळं सत्त्व टिकतं, असं तिने प्रकल्पात तीन पानं भरून लिहिलं होतं. आता आधाराला फक्त एक निबंध हवा होता.

सापडला तो नेमका उलटा. उन्हात बरंच सत्त्व जातं, सावलीत कमी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. तिचा हात माऊसवर थबकला. ते पान तिने बंद केलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. मी रजिस्टरात डोकं घातलं, पण लक्ष तिच्याकडेच होतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “मॅडम, याचा संदर्भ कसा लिहायचा?”

ग्रंथालय किती मोठं, हे लोक कपाटं पाहून ठरवतात. मला मात्र काल आमचे चार संगणक फार मोठे वाटले.

जाताना ती व्हरांड्यात फोनवर बोलत होती, “आई, यंदा मेथी सावलीत वाळव.”