गजाला आधीच कसं कळतं?

बास्केटबॉलच्या कोर्टवर महिनाभर खेळलं की आपल्याकडं दोन गोष्टी साठतात. दुसऱ्याचे मोजे अन् किस्से. मोजे मी परत केलेत. किस्से हे घ्या.

मुकुंदवाडीच्या आमच्या कोर्टवर गजा डिफेंडर. रविवारी सिलेक्शन होतं अन् सरांनी मला सांगूनच टाकलं होतं, "गजाला चकवून गेलास तर टीममध्ये. नायतर पाणी वाटायला ये." पण मी उजवीकडून निघालो की गजा उजवीकडं. डावीकडून निघालो की डावीकडं. तेही माझ्या आधी! माझी खात्रीच पटली, कुणीतरी माझी चाल फोडतंय.

*

पहिला संशय डोळ्यांवर. गजा माझी नजर वाचत असणार. दुसऱ्या दिवशी मी काळा गॉगल लावून ड्रिबल केलं. बॉल दिसला तो थेट नाकावर! सर म्हणाले, "वरातीला आलायस का?"

*

मग घरच्या गच्चीवर गुपचूप सराव. प्लास्टिकच्या तीन खुर्च्या मांडल्या, तिन्हींचं नाव गजा. खालच्या जोशी काकू वर आल्या तेव्हा मी एका खुर्चीला म्हणत होतो, "गजा, आज तुला सोडत नाय." काकू आल्या पावली खाली गेल्या. तेव्हापासून जिन्यात त्या मला आधी जाऊ देतात.

*

उरला सोहेल, माझा जिगरी दोस्त. त्याला मुद्दाम खोटं सांगितलं, "उद्या फक्त डावीकडून जाणार." गेलो उजवीकडून. गजा उजवीकडंच! म्हणजे सोहेल निर्दोष. पण एवढा निर्दोष माणूस मला लई संशयास्पद वाटला. विचारलं तर म्हणतो, "अबे, तू खेलताय क्या, मेरेकू वोइच नई समझता!"

*

शनिवारी आई गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आली अन् दोन मिनिटं माझा सराव बघत उभी राहिली. "दादाची चड्डी ढगळ होते रे तुला. ज्या बाजूला निघायचं त्या बाजूनं आधी वर ओढतोस. आण इकडं, नाडी घालते."

आई इतकं बारीक बघते? तिलाही संशयितांच्या यादीत टाकलं.

*

रविवार. सर शिट्टी घेऊन उभे. समोर गजा, नजर माझ्या कमरेवर. मी डावीकडून निघालो, बास्केट टाकली, परत आलो, तरी गजा वाकून तिथंच! सरांनी वहीत माझं नाव लिहिलं. तेव्हा कुठं तो ओरडला,

"सर, चीटिंग! ह्यानं आज चड्डी वर ओढलीच नाय!"