राघोबाची अरुंधती

ठाण्याच्या पूर्वेला कोपरीत माझी भाड्याची खोली होती. पलीकडे राघोबाचे घर, मध्ये कुडाची भिंत, आणि मागचे परस दोघांचे एकच. राघोबा जन्मभर खाडीकाठच्या मिठागरात राबला. खाऱ्या पाण्यात उभे राहून राहून त्याचे पाय गेले. मी तिथे राहायला आलो तेव्हा तो चालत नसे. दिवस मावळला की मुलगा काळुराम आणि सून सगुणा त्याला बाजेसकट परसात आणून ठेवीत.

त्याला आभाळ पाहण्याचा नाद होता. सप्तर्षींना तो खाटले म्हणे. चार चांदण्या खाटल्याचे पाय आणि ते पळवून नेणारे तीन चोर, असे त्याने मला पहिल्याच उन्हाळ्यात दाखवले. मधल्या चोराला अगदी चिकटून एक बारीक चांदणी आहे, ती अरुंधती. लग्नात नवरीला दाखवतात तीच. पण राघोबा तिच्याकडे वेगळ्या कारणासाठी पाही. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते तो सहा महिने काढत नाही, असे त्याच्या घरात मानत. त्याच्या बापाला एका चैत्रात ती दिसली नाही आणि दिवाळीच्या आत तो गेला.

म्हणून दर वर्षी चैत्र लागला की राघोबा बाजेवर उताणा पडून तिला शोधी. घरातले सगळे गप्प राहत. मग तो म्हणे, "हाय." तेवढे झाले की सगुणा पाने वाढी, आणि वर्षभर तो विषय पुन्हा निघत नसे.

१८८७ साली शिमग्याच्या आधी आमच्या परसामागच्या मिठाच्या कोठाराला चोरांनी भोक पाडले आणि गोणी नेल्या. कोठार मी ज्या पेढीवर हिशेब लिहीत होतो तिचेच. मुंबईहून शेठचा हुकूम आला, की कोपऱ्यावर खांब रोवून रात्रभर घासलेटचा दिवा ठेवावा. दिव्यामागे चकचकीत पत्रा बसवला. येणारा माणूस लांबून दिसावा म्हणून दिव्याचे तोंड बाहेर, म्हणजे नेमके आमच्या परसाकडे केले. कोठार उत्तरेला होते आणि खाटलेही उत्तरेलाच दिसते.

त्या चैत्रात राघोबा बराच वेळ पडून राहिला. मग त्याने विचारले, "काळू, तुना दिसते कं रे?"

"नाय बाबा. त्या दिव्यानं डोलंच दिपतान."

"सगुणे, तुना?"

"मना बी नाय," सगुणा म्हणाली आणि आत निघून गेली.

मीही पाहिले. माझ्या चष्म्यातून दिव्याभोवती नुसते कडे दिसत होते. मी म्हणालो, "राघोबा, हा दिव्याचा दोष. तुमच्या डोळ्यांना काही झालेले नाही." त्याने मान हलवली. त्या दिवशी पाने वाढली गेली, पण तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सगुणा विहिरीवर भेटली. इकडे तिकडे पाहून म्हणाली, "अण्णा, मना दिसते. काल बी दिसली. पन मामांना सांगू कशी?"

मी पेढीवरच्या मुख्य कारभाऱ्यांकडे गेलो. दिव्याचे तोंड जरासे वळवावे, एवढेच मागितले. ते हसले. "तुम्ही चार महिन्यांनी नोकरी सोडून घरी बसणार. शेजाऱ्याला चांदणी दिसत नाही, हे मी शेठना कोणत्या तोंडाने सांगू?" मी जागेवर जाऊन बसलो.

मग दिव्याचे दगडूलाच विचारले. तो कोठाराचा पहारेकरी, घाटावरचा, बोलायला मोकळा. तो परसात येऊन राघोबाला म्हणाला, "म्हातारबा, मिठाच्या गोणी माझ्या माथी मारल्या, आता आभाळातली चांदणी बी मारता का?" पण माणूस चांगला. आपली घोंगडी दिव्यापुढे क्षणभर धरायला तो तयार झाला. राघोबानेच नको म्हटले. "ऱ्हाऊ दे. कोन बगील तं तुजी नोकरी जाईल."

वैशाखातली अवस जवळ आली तेव्हा मी सगळे जुळवून आणले. काळुरामने बैलगाडी मागून आणली, सगुणाने तीत पेंढा पसरला. मिठागराच्या बांधावर दिवा नाही, चंद्रही नाही. घटकाभर तिथे थांबायचे आणि परत यायचे. दोघांनी राघोबाला उचलून गाडीत बसवले. गाडी कोठार ओलांडून खाडीच्या वाटेला लागली. पुढे काळोख दिसू लागला तसा राघोबाने गाडीचा दांडा धरला.

"काळू, गारी फिरव."

"अरं बाबा, आलंच की."

"फिरव म्हनतो ना."

मी म्हणालो, "राघोबा, तिथे स्वच्छ दिसेल."

तो माझ्याकडे वळला. "अण्णा, घरी दिवा हाय. म्हनून दिसत नाय, आसं तुमी बोलता, मी बी बोलतो. तिथं दिवा नाय. तिथं नाय दिसली तं मंग काय बोलायचा?"

काळुरामने माझ्याकडे पाहिले. मी जन्मभर दुसऱ्यांच्या आकड्यांचा मेळ घातला होता, पण हा हिशेब राघोबाचा होता. मी काळुरामला हाताने खूण केली. गाडी फिरली.

त्यानंतर राघोबा रोज तिन्हीसांजेला दिवा लागायची वाट पाही. थोडा उशीर झाला तरी अस्वस्थ होई, "दगडू निजला कं काय," म्हणून काळुरामला पाठवी. दिवा लागला की बाजेवर नीट पडे. आणि आल्यागेल्याला सांगे, की या मेल्या दिव्याने आभाळ खाल्ले.

ज्येष्ठात एका रात्री खाडीवरून वारा सुटला. दिवा फडफडून विझला आणि परस एकदम अंधारले. वाऱ्याने आभाळ झाडून काढले होते. खाटले पुरे दिसत होते. माझ्यासारख्यालाही तिन्ही चोर मोजता आले.

राघोबाने हाताने डोळे घट्ट झाकले. "दगडू, दिवा लाव रे. लवकर लाव."

"लावतो म्हातारबा," अंधारातून दगडू म्हणाला. "वाऱ्यानं काडी टिकंना."

सगुणा घरातून धावत आली. बाजेजवळ उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, डोलं मिटूनच ऱ्हावा. दिवा लागला कं मी सांगते."

कोठाराकडून काडी ओढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा आला.