नवमीचं दुसरं पान

दिघाशीच्या नवशाच्या घरात एक माणूस कधी मेलाच नव्हता. आजोबा राघो फौजेत गेला तो गेला. आजी धोंडूबाईच्या हाती मात्र पैसे येत राहिले. "त्यांनीच धाडले," ती म्हणायची. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला: राघोने तिकडे दुसरा घरोबा केला! नवशाचा बाप विठू हेच ऐकत वाढला. मरताना म्हणाला, "माझ्या तेराव्याला त्याला बोलावू नका." म्हणजे तेव्हाही त्याला राघो जिवंतच वाटत होता.

आजी दिवेलागणीला दाराकडे तोंड करून कुणाशीतरी बोलत बसायची. तिला जाऊन तीस वर्षं होत आली. वडप्याच्या गोदामावर वॉचमनकी करून नवशाचं भुताखेतांचं भय मेलं, पण त्या वेळेला तो घरच्या उंबऱ्यावर आजही बसत नाही.

सातबाऱ्यावरचं राघोचं नाव काढायला मरणाचा दाखला हवा होता, म्हणून तो पितृपक्षात ठाण्याच्या सैनिक कचेरीत गेला. कारकुनाने पेन्शनची जुनी फाईल काढली. राघो, शिपाई, बर्माच्या लढाईत मृत, सन १९४४. विठू तेव्हा दोन वर्षांचा. खाली दर वर्षाला भिवंडीत हजेरी लावलेल्या त्याच्या विधवेचा अंगठा, आणि एक फोटो.

धोंडूबाईच. कपाळ मोकळं, हात भुंडे.

नवशाला आता आठवलं. वर्षातून एकदा आजी एकटीच भिवंडीला जायची आणि कोपरापर्यंत नव्या हिरव्या बांगड्या भरून यायची. म्हातारीला नटायची हौस, म्हणून पोरं हसायची. नवशाही हसला होता. जुन्या बांगड्या कुठे जातात, हे कुणी विचारलंच नाही. पन्नास वर्षं ती दरसाल एका दिवसापुरती विधवा होत होती.

त्याला आजीचा संताप आला. बाप जन्मभर फुकट जळला. मग तो फोटो आठवला आणि संताप टिकेना.

दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. सवाष्ण मेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. बायको मैनाने आजीच्या पानाशी हळदकुंकू, हिरव्या बांगड्या ठेवल्या. नवशाने शेजारी दुसरं पान मांडलं.

"ह्ये कुनाचं?"

"आजोबाचं. लढाईत मेला तो. पळाला न्हवता."

मैनाचा हात बांगड्यांवर थांबला. "मंग आजीच्या ह्या...?"

"ऱ्हाऊ दे," नवशा म्हणाला. "हाय तसंच ऱ्हाऊ दे."

दिवेलागणीला तो उंबऱ्यावर जाऊन बसला. बाहेर कुणी नव्हतं.

"आबा," तो मेलेल्या बापाला हळूच म्हणाला, "तू दोन वर्षांचा व्हतास तवाच तो गेला रं. आता त्याला शिव्या नको घालू."