बाहेर बेचाळीस, आत चौतीस

“काका, हा आकडा कशाचा?” सनाने विचारलं.

लॅपटॉपवर ७४ दिसत होतं. गाडी माझ्या जळगावच्या वर्कशॉपमध्ये उभी होती. बॉनेट बंद, इंजिन चालू. भिंतीवरच्या थर्मामीटरवर ४१.

“इंजिन जी हवा आत ओढतंय, तिचं तापमान.”

“पण इंजिन गरमच असतं ना?”

“इंजिन गरम असू दे. त्याच्या तोंडात जाणारी हवा एवढी गरम नको.”

सना धुळ्याच्या हनीफभाईंची मुलगी. हनीफभाईंचा एअर कूलर बनवायचा कारखाना आहे. पत्र्याची बॉडी, आत पंखा आणि पंप, तीन बाजूंना ओलं राहणारं कूलरचं गवत. उन्हाळ्यात त्यांना बोलायलाही वेळ नसतो. सना तिथलं ऑफिस सांभाळते. दोन वर्षांपूर्वी तिने मुंबईहून ही दोन सीटची स्पोर्ट्स कार सेकंडहँड घेतली. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारा पंखा, नाही. नरडाण्याच्या पुढे एका खासगी जागेतल्या सरळ रस्त्यावर आमच्या भागातला एक कार क्लब अर्धा किलोमीटरची शर्यत घेतो. एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी स्पर्धा. मागच्या दोन्ही वेळा सनाच्या गाडीचा इंजिनचा दिवा लागला आणि गाडी रखडत रखडत परत आली.

हनीफभाई माझ्या टेबलापाशी बसून चहा पीत होते. ते म्हणाले, “सोनवणेसाहेब, तुम्हाला सरळच सांगतो. यावेळी बंद पडली तर गाडी विकायची. नाशिकचं गिऱ्हाईक तयार आहे. हिने कबूल केलंय.”

“केलंय,” सना म्हणाली. “माझा शब्द आहे.”

तिचा आवाज साधाच होता, पण ती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती. तिला ती गाडी सोडायची नव्हती, एवढं मला कळलं.

आता प्रॉब्लेम काय होता ते सांगतो. इंजिन पेट्रोल जाळतं, आणि जाळायला हवा लागते. हवा तापली की विरळ होते. तेवढ्याच जागेत कमी मावते. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा डिग्री वाढलं की हवा तीन टक्के कमी. बाहेर ४१ आणि आत ७४, म्हणजे ३३ डिग्रीचा फरक, म्हणजे साधारण दहा टक्के हवा रस्त्यातच गेली. वर आणखी एक भानगड. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच पेटतं. त्याला नॉक म्हणतात. इंजिनला ते सोसत नाही. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे ढकलतो आणि ताकद अजून उतरते. फारच झालं की दिवा लावून ताकद अर्ध्यावर आणतो.

कारण बॉनेट उघडताच दिसत होतं. कंपनीने दिलेला एअर फिल्टरचा बंद डबा आधीच्या मालकाने काढून टाकला होता. त्या जागी शंकूसारखा उघडा फिल्टर. त्याने आवाज झकास येतो. पण तो फिल्टर इंजिनच्या शेजारी बसून इंजिननेच तापवलेली हवा ओढत होता.

“म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसून श्वास घ्यायचा,” हनीफभाई म्हणाले.

“अगदी तसंच.”

“मग सोपं आहे. फिल्टरभोवती गवत लावू, वरून थेंब थेंब पाणी सोडू. पंधरा डिग्री उतरवून देतो. तीस वर्षं हाच धंदा करतोय.”

त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. आमच्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते. ओल्या गवतातून गेली की खरंच एवढी गार होते. अख्खा खानदेश त्याच्यावर उन्हाळा काढतो. पण मी त्यांना दोन अडचणी सांगितल्या. एक, गवत हवा अडवतं. खोलीला ते चालतं, इंजिनला नाही. इंजिन पूर्ण जोरात असताना एका मिनिटात पाव खोलीभर हवा गिळतं. दोन, फिल्टरच्या मागे एक सेन्सर असतो. त्यात केसासारखी बारीक तापलेली तार असते. हवा जेवढी जास्त जाईल तेवढी ती तार गार होते, आणि त्यावरून कॉम्प्युटर हवा मोजून पेट्रोल सोडतो. त्या तारेवर पाण्याचा थेंब पडला तर तार एकदम गार. कॉम्प्युटरला वाटतं, हवाच हवा आली. तो पेट्रोल ओततो.

“नाकाला ओला रुमाल बांधून पळायला सांगण्यासारखं आहे,” मी म्हणालो.

“बरं साहेब,” हनीफभाई म्हणाले. हे ‘बरं’ मी नंतर नीट आठवून पाहिलं. त्यात होकार नव्हता.

पहिला प्रश्न, हवा कुठून घ्यायची. अंदाजाने ठरवायचं नव्हतं. मी गाडीच्या पुढच्या भागात तीन ठिकाणी तापमानाचे सेन्सर टेपने चिकटवले आणि दुपारी पहूरच्या रस्त्याला चक्कर मारली. सना चालवत होती, मी आकडे बघत होतो. बाजारात मिळणारे तयार किट बहुतेक बंपरच्या खालून हवा घेतात. थंड देशात ते ठीक असेल. आमच्या डांबराच्या वीतभर वर हवा ४९ होती. रेडिएटरच्या जवळ ४७. गाडी थांबली की तिथे पंख्याची गरम हवा फिरून पुढे यायची आणि आकडा अजून चढायचा. बंपरच्या डाव्या बाजूला फॉग लॅम्पची जागा होती, दिवा नव्हता, नुसतं झाकण. तिथे ४२. म्हणजे बाहेरच्यापेक्षा एकच डिग्री जास्त.

“इथून,” मी म्हणालो.

“एवढ्याशा भोकातून?” सना म्हणाली.

“भोक मोजलंय. पुरतं.”

दुसरा प्रश्न डब्याचा. फिल्टरभोवती चारही बाजूंनी बंद डबा हवा होता, म्हणजे इंजिनची गरम हवा आत येणार नाही. तो हनीफभाईंच्या कारखान्यातच करायचं ठरलं. पत्रा वाकवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस धुळ्यात नसेल. फक्त पत्रा कोणता यावर आमचं अर्धा तास वाजलं.

“जीआय घ्या साहेब, जस्त चढवलेला लोखंडी पत्रा, दहा वर्षं काही होत नाही.”

“ॲल्युमिनियम घ्या. हलकं पाहिजे. गाडीला पळायचंय, छतावर बसायचं नाही.”

“माझे कूलर छतावरून पडले तरी चालतात!”

“गाडी पडायची नाहीये, हनीफभाई.”

सना हसायला लागली तेव्हा ते ॲल्युमिनियमला तयार झाले. डबा मात्र त्यांनी असा केला की मी बोट फिरवून धार शोधली, सापडली नाही. आतून उष्णता अडवणारं अस्तर, वरच्या कडेला रबर. बॉनेट बंद केलं की रबर दाबलं जातं आणि बॉनेटच डब्याचं पक्कं झाकण होतं. फॉग लॅम्पच्या भोकापासून डब्यापर्यंत सिलिकॉनचा नळ. जळगावात पाइपला काय तोटा, असं माझ्या बायकोनेही मला ऐकवलं. पण ठिबकचा पाइप इंजिनजवळच्या उष्णतेत मऊ पडतो. सिलिकॉन पडत नाही.

पुन्हा चक्कर. बाहेर ४२. चालत्या गाडीत आत ४६. उभ्या गाडीत ५५. नॉक एकदाही नाही. मी खूश होतो. सना रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून म्हणाली, “काका, तिसऱ्या गिअरला एकदम मोकळी झाली.”

हनीफभाई मात्र कागदावरचे आकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

“बाहेर बेचाळीस, आत शेहेचाळीस. मग गार काय झालं?”

“गार झालं नाही. गरम व्हायचं थांबलं.”

“साहेब, बाहेरच्यापेक्षा चार डिग्री जास्त असलेला कूलर मी विकला तर लोक तो माझ्याच डोक्यात घालतील.”

मी हसलो. हसायला नको होतं असं नाही, पण ते हसत नव्हते हे मी बघितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी लहान गाड्या आधी झाल्या. आमचा नंबर अकरा वाजून गेल्यावर आला. थर्मामीटर ४२. सनाच्या गटात नऊ गाड्या, प्रत्येकीला दोन फेऱ्या. रांगेत शेवटी आम्ही. झेंडा धरलेला एक शिंदखेड्याकडचा माणूस ओरडत आला, “बठ्ठा व्हई गयात भाऊ, आते तुमनीच गाडी बाकी शे!” मी लॅपटॉपमध्ये नोंद चालू करून ठेवली आणि फॉर्मवर सही करायला टेबलाकडे गेलो. सना हेल्मेट घालत होती. हनीफभाई गाडीच्या पुढे उभे होते.

झेंडा पडला. गाडी सुटली आणि शंभर मीटरवर खोकायला लागली. मागून काळा धूर. मग वेग मेला. सना तशीच रखडत रस्त्याच्या टोकाला गेली आणि वळून हळूहळू परत आली. दिवा लागला होता.

ती उतरली. हेल्मेट काढलं नाही. हेल्मेटच्या आतूनच म्हणाली, “अब्बा, फोन करा नाशिकला.”

हनीफभाईंच्या हातात फोन होता. त्यांनी तो लावला नाही, खिशातही ठेवला नाही.

मी लॅपटॉप उघडला. माझी सवय अशी की आधी आकडे, मग मत. रांगेत उभी असताना हवा ५४. बरोबर. मग निघायच्या जरा आधी आकडा घसरायला लागतो. ५०, ४३, ३८. धावताना ३४.

मी पुन्हा पाहिलं. बाहेर बेचाळीस, आत चौतीस.

माझा डबा आणि माझा नळ फार तर बाहेरची हवा बाहेरच्याइतकीच गार ठेवून आत नेतील. त्याहून गार करायला त्यांच्यात काही नाही. बर्फ नाही, पंप नाही. बेचाळीसाचे चौतीस आपोआप होत नाहीत. त्याला पाणी लागतं.

“हनीफभाई,” मी विचारलं, “पाणी कुठे टाकलंत?”

त्यांनी बंपरकडे पाहिलं. सनाने हेल्मेट काढलं.

मी बंपरपाशी गुडघे टेकले. फॉग लॅम्पच्या भोकात कूलरचं गवत होतं. कोंबलेलं नव्हतं. भोकाच्या मापाने गोल कापलेलं, दोन्ही बाजूंनी तारेच्या जाळीत बसवलेलं, कडेला बारीक पट्टी. कारखान्यातून तयार करून आणलं होतं. ओलं चिंब. शेजारी जमिनीवर रिकामी पाण्याची बाटली. नळ काढला तर आतून पाणी सांडलं. फिल्टर भिजला होता, सेन्सरवर थेंब होते. जे मी वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं, ते सगळं ओळीने घडलं होतं. हवा अडली, तार भिजली, कॉम्प्युटरने पेट्रोल ओतलं.

“अब्बा!” सना एवढंच म्हणाली.

“चार डिग्री राहिली होती ना,” हनीफभाई म्हणाले. “म्हटलं, तेवढी मी उतरवतो. गाडी बंद पडायला नको म्हणून केलं मी. बंद पडावी म्हणून नाही.”

“मला माहितीये.”

“मग फोन कशाला करू?”

“कारण बंद पडली. मी शब्द दिला होता. कशामुळे पडली ते त्यात नव्हतं.”

बापलेक दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला न्याय करता येत नाही, दुरुस्ती येते. मी म्हणालो, “दुसरी फेरी बाकी आहे. तिच्यावर ठरवा. आणि हनीफभाई, तुम्ही तिकडे, दोरीच्या पलीकडे उभे राहा.”

“पलीकडे?”

“पलीकडे. हात मागे.”

माझ्याकडे कोरडा फिल्टर जादा होता. नळ पुसला, सेन्सरवर फक्त त्याच्यासाठीचा स्प्रे मारून तो वाळू दिला. कॉम्प्युटरमधली चूक पुसली. इंजिन चालू करून पाच मिनिटं आकडे बघितले. खोकला नाही. मग सनाला एकच सूचना दिली. रांगेत इंजिन बंद ठेव, तुझा नंबर आला की चालू कर. उभ्या गाडीत डबा तापतो, आणि ते टाळायला पैसा लागत नाही.

दुसऱ्या फेरीला आवाजातच फरक होता. पहिला, दुसरा, तिसरा गिअर, कुठे अडखळ नाही. पलीकडचा झेंडा खाली आला. परत येईपर्यंत हनीफभाई दोरीला धरून उभे होते, हात मागे ठेवायचं विसरून.

नोंद बघितली. सुटताना ५१, शेवटी ४७. नॉक शून्य. दिवा नाही. नऊ गाड्यांत ती तिसरी आली. तिच्या पुढच्या दोन्ही गाड्या टर्बोच्या होत्या.

हनीफभाईंनी फोन तिथेच लावला. “भाई, गाडी नाही विकायची,” एवढं बोलून ठेवून दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, शेवटी सत्तेचाळीसच ना? गार काही झाली नाही.”

“नाही झाली.”

“पळाली मात्र.”

“पळाली.”

ते मान हलवत मुलीकडे गेले. सना गाडीतून उतरली नव्हती. त्यांनी दाराशी वाकून तिला काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही, पण ती हसून बाजूच्या सीटकडे बोट दाखवत होती. हनीफभाई आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत बसले. बसताना त्यांना बराच त्रास झाला.

वर्कशॉपमध्ये आता मी नवीन माणसांना एक गोष्ट सांगतो. आकडा वाईट आला की कोणीही कारण शोधतो. अपेक्षेपेक्षा चांगला आला की सगळे खूश होतात आणि लॅपटॉप बंद करतात. गाडी बऱ्याच वेळा तिथेच बिघडलेली असते.