एक इंच म्हणजे सोळा मिलिमीटर

नाय, रडले नाय. सकाळपासून तिघींनी फोन करून विचारलं, म्हणून इथं फेसबुकवरच लिहिते.

आज वर्ष झालं आमच्या ह्यांना जाऊन.

साखळी गावचे फोटोग्राफर. अर्ध्या तालुक्याची लग्नं शूट केली. स्वतःच्या फोटोत मात्र डोळे मिटलेले.
तोच फोटो मुद्दाम फ्रेम केलाय मी.

माणूस साधा. गर्व एकच, नवीन कॅमेरा.
"एक इंचाचा सेन्सर आहे," येईल त्याला ऐकवायचे.

मी सातवी पास. पण ब्लाउज शिवते. माझ्याकडे इंच म्हणजे इंच.

एकदा लेन्स काढून पुसत बसले होते. मी वरूनच पट्टी धरली.
"अगो, हात लावू नको!"
चित्र ज्याच्यावर पडतं तो सेन्सर, रुंदी तेरा मिलिमीटर. उंची नऊ. तिरकं मोजलं तर सोळा.

"अहो, इंच पंचवीस मिलिमीटरचा. बाकीचे नऊ कुठं सांडले?"

दिगू समोर चहा पीत होता. ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त, तोही फोटोग्राफर. इतका हसला की चहा नाकातून आला.

ह्यांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. आठ दिवस नेटवर शोधलं. मग मला समोर बसवलं.

"जुन्या टीव्ही कॅमेऱ्यात काचेची नळी असायची गो. एक इंच म्हणजे त्या नळीची बाहेरची जाडी. चित्र पडायचं आत, साधारण दोन तृतीयांश भागात. नळ्या गेल्या, बोलायचं माप तेच राहिलं."

"म्हणजे वरच्या सोडणासकट नारळ मोजायचा आणि हातात खोबरं द्यायचं."

"तसंच समज."

"माझ्या बापाच्या पदरातपण तुम्हाला असंच मोजून टाकलं वाटतं."

हसले नाहीत. म्हणाले, "घरात काय ते बोल. बाहेर नको. गिऱ्हाइकाला नळी कोण समजावणार?"

"बरं," म्हटलं.

घरात मात्र सोडलं नाय. जेवताना नुसती दोन बोटं जवळ धरायची. घास अडकायचा त्यांचा.

मग कोरगावचं लग्न आलं. माझं माहेर, चुलतबहिणीची मुलगी. ह्यांना मिळालेलं सगळ्यात मोठं काम. नवीन शर्ट शिवायला टाकला.

आठ दिवस आधी बहिणीचा फोन.
"भावोजी, तुमचा कॅमेरा एक इंचाचा नाय म्हणे. अर्धाच. आमका फसवणारो माणूस नको."

काम दिगूला गेलं.

हे मोजमाप तिघांनाच ठाऊक. ह्यांनी दिगूला दारात उभं केलं.
"आईशपथ, मी नाय सांगितलं रे."
"परत तोंड दाखवू नको."

पाच वर्षं बोलले नाहीत.

शेवटच्या आजारात दिगू भेटायला आला. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी त्याला व्हरांड्यातच चहा दिला.
तो गेल्यावर मला विचारतात, "मी त्याचं काय वाईट केलं होतं गो?"
मी उशी सारखी केली.

दिगू, तू हे वाचशील. वाच.

अहो, जिथं असाल तिथं शांत राहा. माझा नमस्कार घ्या.

कोरगावला मीच सांगितलं होतं. बहिणीला हसवायला. नळीचं सगळं नीट समजलेलं असताना.

आणि तुम्ही दिगूचं नाव घेतलंत तेव्हा मला बरं वाटलं.