अर्धं शटर

एकाच काउंटरमागे तीस वर्षं बसलं की दोन गोष्टी आपोआप जमा होतात. गिऱ्हाइकांनी विसरलेल्या चष्म्याच्या डब्या आणि किस्से! डब्या मी दर दिवाळीला टाकून देतो. किस्से टाकता येत नाहीत. आणि माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या नाना खानझोड्यांचे आहेत, त्यामुळे आज तेच सांगतो.

आमचं मार्केट जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात. एक गल्ली, दोन्हीकडे दुकानं. माझं चष्म्याचं दुकान गल्लीच्या मधोमध आणि नानांचं अगदी टोकाला, जेमतेम एक खाट मावेल एवढं. नाना शटर दुरुस्त करायचे. स्प्रिंग बदलणं, पट्ट्या सरळ करणं, ऑइल-ग्रीस. गल्लीतलं एकूण एक शटर त्यांच्या हातून गेलेलं. "शटर असं पाहिजे की खाली आलं तरी शेजारच्याले समजू नये," असं ते म्हणायचे. कुणाचं शटर खडखडलं की भर बाजारात त्याची अब्रू काढायचे.

आणि नानांकडे एक बिनपगारी कामही होतं. मोहल्ल्यात कुणी गेलं की नर्मदेवरच्या ग्वारीघाटाकडे, स्मशानात निघालेली तिरडी आमच्याच गल्लीतून जायची. गल्लीच्या टोकापर्यंत खांद्यावर, तिथून पुढे गाडीत. तिरडीच्या शंभर पावलं पुढे नाना चालायचे, हातात शटर ओढायची लांब आकडी. प्रत्येक शटरवर दोनदा टकटक. "आधा भैया, आधा!" की दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढायचं, चप्पल काढून पायरीवर उभं राहायचं, तिरडी गेली की पुन्हा वर.

मी नवीन होतो तेव्हा विचारलं, "नाना, अर्धंच काहून? पूर्ण बंद करू ना."

नाना म्हणाले, "पूर्ण बंद केलं तं जाणाऱ्याले वाटते, माझ्यापायी यांचा धंदा बुडून राहिला. उघडं ठेवलं तं वाटते, कोणाले फरकच नाही पडला. अर्धं बरोबर आहे."

* * *

एकदा सिविल लाइंसमधले एक मोठे साहेब माझ्याकडे चष्मा न्यायला आले होते. बाहेर सरकारी गाडी, ड्रायव्हर, सगळा थाट. तेवढ्यात टकटक झाली. मी शटर अर्धं ओढलं आणि साहेब आत अडकले!

"मला मीटिंग आहे. उघडा हे," साहेब म्हणाले.

मी आपला हात चोळत उभा. दुकान माझं, पण शटरवर हुकूम नानांचा. साहेबांनी खाली वाकून बाहेर आवाज दिला, "ए, कोण आहे तिकडे? ऊपर करो इसको!"

नाना आले. खाली वाकून साहेबांच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "साहेब, जायचं असन तं वाकून जा. आज सगळेच वाकून राहिले."

साहेब गेले नाहीत. तिरडी जाईपर्यंत स्टुलावर गुपचूप बसून राहिले. पुढे त्यांनी चष्मा दुसरीकडून करायला सुरुवात केली, ते सोडा.

* * *

नाना चुकायचे नाहीत असं नाही. महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवसांत एकदा त्यांना दुरून घोळका दिसला. पांढरे कपडे, पुढे फुलांनी मढवलेलं काहीतरी, चाल हळू. आता या गल्लीत असा घोळका म्हणजे दुसरं काय असणार? नाना आकडी घेऊन निघाले. टकटक, टकटक. पाच मिनिटांत सगळी गल्ली अर्धी! सगळे अनवाणी, हात जोडून, मान खाली घालून उभे.

घोळका जवळ आला तर उमेदवार! जिवंत! गळ्यात हार, हात जोडलेले, तोंडावर हसू. दोन्हीकडे अर्धी शटरं आणि खाली घातलेल्या माना बघून ते हसू हळूहळू उतरत गेलं. आता शटर वर करायचं तरी कसं? कुणाचीच हिंमत होईना. माणूस तसाच हात जोडून आमच्या मधून शेवटपर्यंत गेला.

पडला बिचारा. नानांना विचारलं तर म्हणाले, "मी अंदाज जरासा लवकर घेतला, बस."

* * *

हसायचे किस्से इथपर्यंतच. पुढचे मी हसत सांगू शकत नाही.

गल्लीच्या तोंडाशी चमन नावाचा चांभार बसायचा. वीस वर्षं त्याच दगडावर. तो गेला तेव्हा तिरडीमागे सातआठ माणसं होती. नाना नेहमीसारखे आकडी घेऊन पुढे. माझ्यासमोर साड्यांचं मोठं दुकान होतं. त्या सेठजींनी टकटक ऐकली आणि गादीवरूनच म्हणाले, "मोची के लिए भी?"

गल्ली ऐकत होती. नाना शांतपणे म्हणाले, "सेठ, तुमच्या पायात जी चप्पल आहे ना, ती त्यानंच शिवली आहे. शटर राहू द्या. चप्पल तेवढी काढा."

सेठजी उठले, चप्पल काढली आणि पायरीवर उभे राहिले. शटर मात्र शेवटपर्यंत वरच राहिलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, नाना जिंकले. खरं तर गल्लीला तेव्हाच कळलं की शटर वर ठेवलं तरी काही होत नाही.

* * *

सेठजींनंतर त्यांचा मुलगा बिट्टू भैया गादीवर आला. साड्या गेल्या, मोबाइलचं शोरूम झालं. समोर अख्खी काच, आत एसी. बिट्टू भैया मनानं वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुणाला रक्त लागलं तर पहिला धावणार. व्यापारी संघाचा सेक्रेटरीही तोच.

शोरूम झाल्यावरची पहिली तिरडी आली. नानांनी सवयीनं आकडी काचेवर मारली.

"अरे अंकल, काँच है!" बिट्टू भैया धावत बाहेर आला. "टूट जाएगा!"

"मग आता ही काच अर्धी कशी करायची?" नानांनी विचारलं. टोमणा नव्हता. कारागिराचा प्रश्न होता. त्यांना खरंच समजत नव्हतं.

बिट्टू भैयानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अंकल, आप इस उमर में धूप में क्यों घूमते हो? व्हॉट्सअॅप ग्रुप बनाया है ना मार्केट का. उसमें डाल देंगे, सब अपनी-अपनी जगह दो मिनट मौन रख लेंगे."

ग्रुपवर पहिली बातमी पडली ती डब्बेवाल्या ताईंची. या ताई गल्लीतल्या निम्म्या दुकानांना जेवण पुरवायच्या. मी नानांना माझ्या फोनवर दाखवलं. बातमीखाली एकामागून एक वर केलेले अंगठे येत होते.

"हे अंगठे कशाले?" त्यांनी विचारलं. "गेली ते बरं झालं म्हणून?"

"नाही नाना, वाचलं म्हणून."

"बाई बारा वर्षं याईले जेवू घालत होती आणि याईनं अंगठा दाखवला!" नाना म्हणाले. तिरडी गल्लीतून गेली तेव्हा आठ शटरं अर्धी झाली. मी मोजली होती.

* * *

आता माझ्या वाटणीचं सांगतो, नाहीतर हे सगळं इतरांवर ढकलल्यासारखं होईल.

गेल्या वर्षी माझ्या मुलानं, निनादनं, दुकान नवं केलं. निनादला मराठी समजतं, बोलतो हिंदीच. "पापा, अब कौन हाथ से शटर खींचता है?" म्हणाला. मोटरचं शटर बसवलं. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. मी विरोध केला नाही. माझी कंबर दुखायची आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंच होतं. तोपर्यंत गल्लीत हातानं ओढायची शटरं दोनच उरली होती, माझं आणि नानांचं. आता एकच उरलं.

नाना बघायला आले. शटरवरून हात फिरवला, खालची पट्टी चाचपली. काहीतरी शोधत होते.

"याले कडी कुठाय?"

"कडी नाही नाना. रिमोट आहे."

"लाइट गेली तं?"

"बॅटरी आहे."

"बॅटरी गेली तं?"

"हातानं फिरवायचं हँडल आहे ना आतमध्ये."

"आतमध्ये!" नाना म्हणाले. "म्हणजे शटर बंद आणि हँडल आत. वा रे वा!"

निनाद हसला. मीही हसलो. नाना हसले नाहीत. मुलगा आत गेल्यावर ते माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मोहन, एक सांगून ठेवतो. माझ्या वेळेले मले पूर्ण बाजार नको. तेवढी आशा मी करून नाही राहिलो. एक शटर पाहिजे. अर्धं. एवढ्या लोकाईपुढे चाललो मी, मले पाठवाले एक तरी पाहिजे ना?"

मी त्यांचा हात धरला. "नाना, कुणी करो न करो, माझं राहील. शब्द देतो."

"मोटरनं का होईना," नाना म्हणाले, "पण कर."

* * *

यंदा उन्हाळ्यात नाना गेले. बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ते आपलं दुकान बंद करत होते, तिथेच पायरीवर कोसळले. मी आणि त्यांची मुलगी सुषमा त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेलो. सुषमा त्यांची एकुलती एक, खमरियाच्या एका शाळेत शिकवते. सकाळी सगळं संपलं. ग्रुपवर बातमी पडली. अंगठे आले, या वेळी हात जोडलेलेही बरेच आले.

दुपारी तिरडी निघाली. पुढे मडकं घेऊन सुषमा, मागे पंधरावीस माणसं. बिट्टू भैया पांढरा कुडता घालून आला होता, खांदाही देत होता. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि लक्षात आलं. आज सुट्टी! दोन्हीकडे सगळी शटरं जमिनीपर्यंत. पायरीवर कुणी नाही, एक कुत्रंसुद्धा नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पूर्ण बंद करू दिलं नाही, त्याच्यासाठी अख्खी गल्ली पूर्ण बंद. कुणाला दोष द्यावा? सगळ्यांची सोय झाली होती.

मी पुढे पळालो. कंबर विसरून पळालो. आता माझं शटर वर उचलून अर्धं करायचं होतं, एवढंच. रिमोट दाबला. लाइट नव्हती. सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्ससाठी बंद ठेवतात, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. बॅटरीवर शटर वीतभर उचललं गेलं, कुरकुरलं आणि थांबलं. मी दाबत राहिलो. मग खाली बसून दोन्ही हातांनी उचलायला लागलो. धरायला कडी नव्हती आणि हँडल आत होतं.

तिरडी माझ्यापाशी आली. मी रस्त्यात गुडघ्यांवर बसलेलो. सुषमानं एकदा माझ्याकडे बघितलं. "राहू द्या काका," ती म्हणाली, "ऊन होऊन राहिलं." आणि सगळे पुढे गेले. मी उठलो, रिमोट खिशात टाकला आणि मागून चालायला लागलो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गल्लीचं टोक आलं. सुषमा एकदम थांबली, म्हणून खांदेकरी थांबले, म्हणून सगळेच थांबले.

नानांचं दुकान. काल ते कोसळले तेव्हा आम्ही त्यांना उचलून धावलो होतो. दुकानाकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. शटर जसं होतं तसं होतं, बरोबर अर्धं. आकडी कडीत अडकलेली.

सुषमा अनवाणीच होती. मी चप्पल काढली. पायाला चटका बसला, पण मी उभा राहिलो.

तेवढ्यात मागून बिट्टू भैया खांदा दुसऱ्याकडे देऊन लगबगीनं पुढे आला. "अरे! रात भर खुला पड़ा रहा! चोरी हो जाती!" त्यानं आकडी धरली आणि शटर सर्रकन जमिनीपर्यंत ओढलं. आवाज अजिबात झाला नाही.

मग त्यानं पायानं दाबून बघितलं, हात झटकले आणि सुषमाला मायेनं म्हणाला, "चलिए दीदी. पूरा बंद कर दिया. अब चिंता मत कीजिए."